उणे एकवर ठेवलेलं शेवाळ

लॅबमधल्या काचेच्या टाकीवर शेवाळ नेमकं कधी चढतं, ते कोणालाच दिसत नाही. या सोमवारी काच लख्ख असते, पुढच्या सोमवारी तिच्यावर बोटानं नाव लिहिता येतं. आमच्या वनस्पतिशास्त्र विभागातले किस्सेही असेच साचत गेले. मी इथला लॅब असिस्टंट, सव्वीस वर्षं झाली. मी सांगितलेलं निम्मंच खरं असतं, असं कॉलेजात सगळे म्हणतात. कुठलं निम्मं, हे मात्र आजवर कोणाला ओळखता आलेलं नाही.

* * *

सुरुवात वैशालीपासून. ही उमरेडची पोरगी, आई हातमागावर बसणारी. आमच्या मॅडमच्या हाताखाली पीएचडीला आली आणि विषय काय घेतला, तर ध्रुवाकडच्या समुद्रात बर्फाच्या लादीखाली वाढणारं शेवाळ! बर्फ फोडत जाणाऱ्या जहाजावर जाण्यासाठी मुलाखत होती. तिथल्या साहेबांनी विचारलं, "समुद्र पाहिलाय का कधी?"

वैशाली म्हणाली, "नाही सर. पण मला जे पाहायचंय ते बर्फाच्या खालच्या अंगाला आहे. समुद्र वाटेत लागेलच."

निवड झाली.

* * *

जहाजावरून तिनं घरी फोन लावला. बर्फात नळी घालून लांबलचक कांडी काढली होती. वरून पांढरीशुभ्र, आणि खालची चार बोटं तपकिरी. तेच शेवाळ. पोरगी आनंदानं सांगत होती की आई, बर्फाले खालून चहासारखा रंग आहे.

आई शांतपणे म्हणाली, "मंग चहाच असन वं. कोणाच्या तरी हातून सांडला असन."

* * *

दोन महिन्यांनी वैशाली परतली ती तीन फ्लास्क घेऊन. तिची सगळी पीएचडी त्या तीन बाटल्यांत. पुन्हा जहाजावर जागा मिळेल याची खात्री नाही, म्हणजे शेवाळ मेलं की डिग्रीही गेली. जुनी स्टोअररूम थर्माकोल ठोकून आम्ही थंड खोली केली. तापमान उणे एक. खारं पाणी तेवढ्या थंडीत गोठत नाही आणि शेवाळाला घरच्यासारखं वाटतं. उजेड म्हणाल तर एक झिरोचा बल्ब, त्यालाही निळा कागद. बर्फाखाली तेवढाच उजेड पोचतो.

आमचे माळी डोमाजी, उभा जन्म झाडांत गेलेला माणूस. जिवंत शेवाळ असं अंधारात कोंडलेलं त्यांना बघवेना. एका सकाळी मॅडम यायच्या आत त्यांनी एक फ्लास्क उचलला आणि व्हरांड्यातल्या उन्हात तुळशीशेजारी नेऊन ठेवला. अकरा वाजता आम्ही पाहिलं तर आतलं सगळं पांढरं पडलेलं.

वैशाली रडली.  मॅडमनी डोमाजींना मायक्रोस्कोपपाशी नेऊन आधी जिवंत शेवाळ दाखवलं, मग मेलेलं. डोमाजी बराच वेळ डोळा लावून उभे होते. दुसऱ्या दिवशी त्यांनी थंड खोलीच्या एकुलत्या खिडकीवर तीन पोती शिवली आणि स्टूल घेऊन दाराशी बसले. प्राचार्य पाहायला आले, तर त्यांनाही अडवलं.

"सायेब, टॉर्च बाहेर ठेवा. झोपेची जात आहे हे."

* * *

मे महिन्यात माझी ड्युटी त्याच खोलीत. बाहेर ऊन असं की स्कूटरच्या सीटवर पापड भाजावा, आणि मी आत स्वेटर, मफलर, माकडटोपी घालून. एकदा चहाची तलफ आली, तसाच बाहेर पडलो आणि तसाच महाल वस्तीतल्या आमच्या गल्लीपर्यंत पोचलो. दुपारी तीन वाजता, मफलरसकट!

संध्याकाळपर्यंत सात घरची माणसं संत्री घेऊन भेटायला आली. बायको सगळ्यांना सांगून थकली की यांना काही झालेलं नाही, हे ऑफिसातून आलेत. शेजारच्या काकू जाताना तिला बाजूला घेऊन म्हणाल्या, "धीर धर वं. बरे होतीन."

संत्री आम्ही आठवडाभर खाल्ली.

* * *

मग कॉलेज तपासायला एक समिती आली. त्यातल्या एका साहेबांनी विचारलं की या शेवाळाचा विदर्भाला उपयोग काय. वैशालीनं नीट समजावलं. हे शेवाळ तिकडचे कोळंबीएवढे जीव खातात, त्यांना मासे आणि पेंग्विन खातात, देवमासेसुद्धा त्यांच्यावरच जगतात. म्हणजे त्या अख्ख्या समुद्राची शेती बर्फाच्या पोटाला चिकटलेली आहे. साहेब तरी मान हलवेनात. पुन्हा तेच, विदर्भाला काय?

स्टुलावरून डोमाजी म्हणाले, "पेंग्विननं कधी इचारलं का सायेब, का संत्र्याचा आमाले काय उपयोग?"

शेरा चांगला मिळाला.

* * *

आणि आता रघुनाथ.

पुढच्याच उन्हाळ्यात, सुट्ट्या लागल्यावर, थंड खोलीचा कॉम्प्रेसर बसला. मेकॅनिक म्हणाला, पार्ट यायला दोन दिवस लागतील. खोलीत तासाभरात चार डिग्री. फ्रीजरमध्ये ठेवावं तर गोठून मरणार, फ्रीजमध्ये ठेवावं तर उबेनं. वैशाली उमरेडहून एसटीत बसली होती आणि दर दहा मिनिटांनी फोन करून एकच विचारत होती, "जिवंत आहे ना?"

मी स्कूटर काढली आणि महालातून रघुनाथला उचलून आणलं. रघुनाथ म्हणजे मटका कुल्फीवाला. बर्फात मीठ टाकून थंडी खाली नेणं हाच त्याचा धंदा, बापापासूनचा.

त्यानं विचारलं, "किती पायजे?"

मॅडम म्हणाल्या, "उणे एक. त्याच्या खाली नको, वर नको."

"म्हणजे कुल्फी धरायच्या कितीतरी आधी थांबवायचं," रघुनाथ म्हणाला. "आमच्याकडं अशी चूक नव्या माणसाच्या हातून होते. आता मुद्दाम करा लागन."

भर उन्हाळ्यात त्यानं दोन दिवस गाडी बंद ठेवली. दोन्ही फ्लास्क मटक्यात, भोवती बर्फ, वरून ओलं पोतं. मनगट पाण्यात बुडवायचा, चिमूटभर मीठ टाकायचा, कधी साधं पाणी. मी दर अर्ध्या तासानं थर्मामीटर वाचून रजिस्टरात लिहीत होतो. शेवाळ जगलं.

वर्षभरानं वैशालीची तोंडी परीक्षा झाली. बाहेरगावचे परीक्षक एका पानावर अडले. दोन दिवस मशीनची नोंद नाही, त्याऐवजी हातानं लिहिलेलं रजिस्टर. उणे एक, उणे एक, उणे एक.

"मशीनलासुद्धा आकडा इतका स्थिर ठेवता येत नाही," ते म्हणाले. "हे घरी बसून लिहिलंय. मी हे मान्य करू शकत नाही."

हॉलमधल्या सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. अक्षर माझं होतं. आयुष्यात पहिल्यांदा मी सगळं खरं लिहिलं होतं, आणि त्यानं पोरीची डिग्री बुडणार होती.

वैशाली म्हणाली, "सर, ज्यांनी ठेवलं ते इथंच बसलेत."

मागच्या रांगेतून रघुनाथ उठला, इस्त्रीचा शर्ट घालून. कँटीनमधून बर्फ आणि मीठ आलं. बादलीत खाऱ्या पाण्याची बाटली ठेवून त्यानं बाह्या सारल्या. पंधरा-वीस मिनिटं हॉलमध्ये नुसता बर्फाचा आवाज. मग तो म्हणाला, "झालं."

परीक्षकांनी बादलीत हात घालून बाटली मुठीत धरली आणि तिच्यात थर्मामीटर बुडवला. उणे शून्य पॉइंट सहा. ते वैशालीकडे पाहून हसले. "बघा."

रघुनाथ म्हणाला, "बाटली सोडा सायेब. तुमच्या हाताची गरमी लागून राहिली तिले."

परीक्षकांनी हात काढला. सगळे थांबलो. पॉइंट सात. पॉइंट नऊ. उणे एक. आणि तिथंच राहिलं. पाच मिनिटं त्यांनी घड्याळ लावून पाहिलं.

मग त्यांनी खिशातून पेन काढलं, वैशालीचे कागद पुढे ओढले, आणि मॅडमना नाही, मला नाही, रघुनाथला विचारलं, "करू आता सही?"

"थांबा," रघुनाथ म्हणाला. "पयले हात पुसा. पोरीच्या कागदाले मीठ लागन."