मस्कतची भरती

कल्याणच्या खाडीकाठी दामाजी कोळ्याच्या घरात कॉम्प्युटर आला, तेव्हा निम्मी आळी नवा टीव्ही समजून बघायला जमली होती. पडद्यावर नुसतं निळं आभाळ आणि ढग. कोणी तरी विचारलं, पिक्चर कधी सुरू होणार? दामाजी म्हणाला, हाच पिक्चर. मग मंडळी चहा पिऊन आपापल्या घरी गेली. साल नव्व्याण्णव.

दामाजीचं तरुणपण खाडीत जाळं टाकण्यात गेलं. पुढं पाण्याला औषधाचा वास यायला लागला, म्हावरं पळालं, तसा तोही होडी भावाच्या हवाली करून शहाडला कारखान्यात लागला. पहिल्या दिवशी त्याच्या शेजारी बसून कोणी डबा खाईना, कारण अंगाला खाडीचा वास. आणि निवृत्त होऊन घरी बसला तेव्हा बायको शेजारी बसेना, कारण अंगाला कारखान्याचा वास. ही हकीकत तो स्वतःच सांगायचा आणि ऐकणाऱ्याच्या आधी स्वतःच हसायचा.

बायको आवडाबाई उत्तनची. उघड्या समुद्राची लेक. लग्न होऊन कल्याणला आली आणि पहिले कित्येक दिवस तिचा डोळा लागला नाही. इथलं पाणी चोरपावलांनी चढतं आणि चोरपावलांनी उतरतं, त्याला आवाज म्हणून नाही. माहेरी समुद्र रात्रभर उशाशी बोलायचा. सासूला वाटलं, सून आईबापासाठी झुरते. झुरायची खरी, पण कशासाठी ते तिनं एकट्या दामाजीला सांगितलं होतं.

त्यांचा एकुलता एक मुलगा सहदेव. डिप्लोमा करून नोकरीसाठी आखातात गेला. खरं गाव आतलं कुठलं तरी होतं, नाव जिभेवर बसेना, म्हणून आळीत सगळे मस्कतच म्हणायचे. त्याची मुलगी शेवंती तिकडंच जन्मली, तिकडंच चालायला लागली. नाव दामाजीच्या आईचं. आजा-आजीनं तिला फोटोत पाहिलेलं, मांडीवर कधी घेतलेलं नाही. फोन लागला की ती रिसीव्हर कानाशी धरून नुसता श्वास घ्यायची. सहदेव मागून म्हणत राहायचा, बोल ना, आजी आहे. पोर मुकीच. आवडाबाई मग त्या श्वासालाच ओ द्यायची.

यावर सहदेवनं शक्कल काढली. पोर खेळताना तिचा आवाज गुपचूप कॉम्प्युटरवर धरून ठेवायचा. एकटाच सुट्टीवर आला तेव्हा बापाला जुना कॉम्प्युटर आणि फोनच्या लाइनीवर चालणारा मॉडेमचा डबा बसवून दिला, आणि फायली वाटून घ्यायचा एक प्रोग्राम. दर शुक्रवारी, तिकडच्या सुट्टीच्या दिवशी, सहदेवनं आपला कप्पा उघडा ठेवायचा आणि दामाजीनं इकडून त्यातली फाइल खाली घ्यायची. डाउनलोड हा शब्द त्याला येत होता, पण तो आपला ‘म्हावरं उतरवतो’ असंच म्हणायचा.

फोन जोडला जाताना डबा आधी किंचाळायचा, मग खरखरायचा, मग एकदम गप्प व्हायचा. त्या वेळी आवडाबाई पिठाचे हात घेऊन दारात येऊन उभी राहायची. डबा गप्प झाला की म्हणायची, पोचलं. आणि परत भाकरीकडं वळायची. थोड्या वेळानं शेवंतीचं हसणं नाही तर रडणं घरभर व्हायचं.

हे सगळं सुरळीत चाललं असताना प्रोग्राम नवा निघाला आणि तो जुन्या सिस्टिमवर चालेना. आळीतली शालन, स्टेशनजवळच्या कॉम्प्युटर क्लासात शिकवणारी, एक दुपार खर्चून नवी सिस्टिम घालून गेली. पडद्यावरच्या आभाळाचा रंगसुद्धा बदलला. आणि त्याच शुक्रवारपासून म्हावरं उतरेनासं झालं. पडद्यावरची निळी पट्टी चिखलातल्या खेकड्यासारखी सरकायची, मध्येच थबकायची, कधी निम्म्यावर मरायची. मग पुन्हा पहिल्यापासून.

त्यात सहदेवचा फोन आला. कंपनी त्याला आणखी आत, वाळवंटातल्या कामावर पाठवत होती. तिथं तात्पुरती घरं, फोन एकट्या ऑफिसात, कॉम्प्युटर नेण्यात अर्थ नाही. अजून दोन शुक्रवार हातात होते. आणि आत्ता कप्प्यात ठेवलेली फाइल साधी नव्हती. शेवंती बोलायला लागली होती. त्यात ती आजीला हाक मारते, म्हणाला.

दामाजीनं कंबर कसली. फाटलं जाळं तपासावं तशी सगळी वायर बोटांतून ओढून पाहिली. ट्यूबलाइट बंद केली, पंखा बंद केला, घामाच्या धारा पुसत बसला. सहदेवनं फोनवरून सांगितलेली एकेक सेटिंग एका बोटानं बदलली. मॉडेमचा ड्रायव्हर काढून पुन्हा घातला. टेलिफोनवाला येऊन लाइन तपासून गेला, लाइन स्वच्छ म्हणाला. शालन आली, तिच्यासमोर लावलं, तर एक लहानशी फाइल सुळकन खाली. ती घरी गेली आणि पुन्हा तेच रडगाणं. दुसऱ्यांदा आली, पुन्हा सुळकन. दामाजीची खात्री झाली की पोरीत काही तरी आहे, नाही तर आपल्यात काही तरी नाही. शालन हसून म्हणाली, काका, मशीन पाहुण्यांसमोर शहाण्यासारखं वागतंय. मोठी फाइल उतरवायला मात्र तिला क्लास सोडून थांबता येईना.

आलेला शुक्रवारही असाच गेला. पट्टी जेमतेम अर्ध्यावर. घशाला कोरड पडली म्हणून दामाजी पाणी प्यायला आत गेला, आणि उंबऱ्यातच थांबला.

स्वयंपाकघरात दुसरा फोन होता, त्याच लाइनीवरचा. चुलीपाशी घंटी ऐकू येत नाही म्हणून सहदेवनंच बसवलेला. आवडाबाई त्याचा रिसीव्हर कानाला लावून उभी होती. बोलायच्या बाजूवर तळहात घट्ट दाबलेला, आपला श्वास तिकडं जाऊ नये म्हणून. डोळे मिटलेले. तव्यावर भाकरी करपत होती आणि तिला पत्ता नव्हता.

पाहुणे असले की ती चहापाण्यात असायची. हे दामाजीच्या आत्ता ध्यानात आलं.

“कवापासून?” त्यानं हळूच विचारलं.

ती दचकली, पण रिसीव्हर सोडला नाही. “नवीन घातलं तवापासून. तुमचा डबा मुका जाला ना. पोचलं क नाय पोचलं, मना कसं कळायचं?”

खरंच की. नव्या सिस्टिमनं डब्याचा आवाज बंद ठेवला होता. दामाजीला ती सुधारणा वाटली होती.

“आन आयका तर खरं,” तिनं रिसीव्हर पुढं केला. “भरती हाय तिकरं.”

दामाजीनं कान लावला. सूं... शूं... एक सलग खळखळ, मध्येच फुगणारी, मध्येच बसणारी. दोन यंत्रं एकमेकांशी बोलतात ती, हे त्याला शालननं समजावलं होतं. त्या बोलण्यात तिसऱ्यानं कान घातला की ती गोंधळतात, तेच तेच पुन्हा सांगत बसतात, हेही आता त्याला कळत होतं. पण समोर उत्तनची पोर उभी होती, आणि तिच्या चेहऱ्यावर, लग्नानंतर त्यानं तिला पहिल्यांदा माहेरी नेऊन किनाऱ्यावर उभी केली होती, तेव्हाचा उजेड होता. तेवढ्यात लाइन तुटली आणि रिसीव्हरमध्ये नुसतीच टूंऽऽ.

“ओहोटी लागली,” आवडाबाई म्हणाली आणि फोन जागेवर ठेवला.

दामाजीला सांगावं तर लागणारच होतं. तो म्हणाला, वायर अशक्त आहे, दोघांचा भार पेलत नाही. तिला ते लगेच समजलं. तिनं पदर तोंडाशी नेला.

“म्हंजी पोरीची हाक मीच अडवली व्हती.”

त्या दुपारी तिनं रिसीव्हरला फडकं गुंडाळून सुतळीनं बांधून टाकलं. फाइल आता उतरणार होती. दामाजीला आनंद व्हायला हवा होता. पण त्याची नजर पुन्हा पुन्हा त्या बांधलेल्या फोनकडं जाई आणि जेवण गोड लागेना.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो शालनच्या क्लासात गेला. डब्याचा आवाज परत सुरू कर म्हणाला, आणि जोडल्यावर गप्प बसू देऊ नको, शेवटपर्यंत वाजू दे. शालननं त्याच्याकडं पाहिलं. लोक तो आवाज बंद करा म्हणून मागं लागतात, आणि हा माणूस वाजता ठेव म्हणतो. ती म्हणाली, काका, त्यात ऐकण्यासारखं काही नसतं.

“मला ठाऊक आहे गं. तिला सांगू नको.”

शेवटच्या शुक्रवारी डबा पूर्वीसारखा किंचाळला. मग त्यातून खळखळ सुरू झाली आणि खोलीभर पसरली. आवडाबाई पाट घेऊन डब्यापाशी बसली, हात मांडीवर. पट्टी न थबकता पुढं जात होती. पट्टी भरली, दामाजीनं फोन तोडला, आणि घर एकदम गप्प झालं.

मग शेवंती आली. सहदेव खाडीतल्या माशांची चित्रं दाखवून विचारत होता, ती बोबडं सांगत होती. हे काय? निवती. हे? जिताला. खाडी कुणाची? आजोबाची. समुद्र कुणाचा?

“आजीचा. आजीऽ, ए आजीऽ.”

आवडाबाईनं ओ दिली. पडद्याला दिली. सहदेव हसत पुढं म्हणत होता की आई, पोरीनं अजून समुद्र पाहिलेलाच नाही, इथून डोंगर ओलांडून दिवसभराची वाट आहे, खिडकीबाहेर नुसती वाळू.

फाइल संपली. आवडाबाई डब्याकडं बघत राहिली.

“मंग इतके दिस मी कुनाची भरती आयकत व्हते?”

दामाजीनं डब्यावरून हात फिरवला. “तुझ्या उत्तनचीच असंल,” तो म्हणाला.

ती हसली. डोळे पुसत हसली, आणि तुमचं आपलं काहीतरीच, म्हणून आत गेली.

पुढच्या शुक्रवारी दामाजी कॉम्प्युटरवर कापड टाकून ओटीवर बसला होता. तिकडचा कप्पा बंद झाला होता, यादीतलं सहदेवचं नाव विझलं होतं. आवडाबाई सुकट निवडत बसली होती. निवडता निवडता मान वर न करता म्हणाली, लावा ना जरा.

तो काही न विचारता उठला. कापड काढलं, फोन जोडला. डबा किंचाळला, खरखरला, आणि खोली खळखळाटानं भरून गेली. खाली उतरवायला काहीच नव्हतं. थोड्या वेळानं त्यानं विचारलं, तोडू का?

“थांबा,” ती म्हणाली. “अजून पुरती भरली नाय.”