पेन ड्राइव्हची पंगत

आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिला. बी.एस्सी., सेकंड क्लास. कुणी विचारलं नाही तरी मी हे सांगतो. त्या पदवीची सगळ्यात अवघड परीक्षा मात्र कॉलेजात झाली नाही. ती तात्यांनी घेतली.

तात्या म्हणजे माझे चुलते. उसाचा हंगाम सुरू झाला की ट्रॅक्टरला दोन ट्रॉल्या जोडून ढोकीच्या साखर कारखान्याकडं ऊस नेतात. ट्रॅक्टरवर टेप आणि दोन मोठाले स्पीकर, आवाज असा की तात्या वेशीजवळ आले की आई इकडं चहाचं आधण ठेवते. गाणी पेन ड्राइव्हवर. मागच्या खेपेला कॉपी चालू असतानाच त्यांनी तो माझ्या लॅपटॉपमधून उपसून नेला. मग कारखान्याच्या यार्डात ऊस उतरवायचा नंबर लागेपर्यंत दीड दिवस एकच गाणं वाजलं, तेही अर्धं. शेजारच्या ट्रॅक्टरवाल्यानं विचारलं म्हणे, "तात्या, टेपला उचकी लागली काय?"

म्हणून या खेपेला तात्या माझ्या शेजारी येऊन बसले. दारात भरलेल्या ट्रॉल्या, इंजिन चालूच.

"ह्या टायमाला रीतीनं काढून दे. परत उचकी लागली तर ट्रॅक्टरसकट तुझ्या कॉलेजात येऊन हुभा राहीन."

"तुम्ही फक्त हात लावू नका, तात्या."

मी त्यांना समजावलं. गाणी भरल्यासारखी दिसली तरी शेवटची काही लॅपटॉपच्या डोक्यातच असतात. पंगतीत शेवटच्याचा भात संपल्याशिवाय कुणी उठतं का? तसंच हे. आधी पेन ड्राइव्ह अनमाउंट करायचा, म्हणजे लॅपटॉपकडून रीतसर सोडवून घ्यायचा, मग काढायचा. तात्यांना लगेच पटलं, कारण गावच्या प्रत्येक पंगतीत भात खाणारा शेवटचा माणूस तेच असतात.

लॅपटॉप जुना. त्यात विंडोज चालेना म्हणून मी लिनक्स टाकलेलं. त्याच्यात टर्मिनल नावाची एक काळी खिडकी असते, हुकूम टाइप करायची. ती बघून तात्यांना माझ्याबद्दल आदर वाटतो, म्हणून माउसनं होणारं कामही त्यांच्यासमोर मी तिथंच करतो. त्याच खिडकीतून मी पेन ड्राइव्हच्या फोल्डरात शिरलो, गाणी भरली आणि अनमाउंटचा हुकूम दिला.

उत्तर आलं, 'टार्गेट इज बिझी'.

"काय म्हनतंय?"

"कामात हाय म्हनतंय."

"गाणी भरली न्हवं? मग आता कसलं काम?"

मी गाणी वाजवायचा प्लेअर बंद केला. फाइलींची खिडकी बंद केली. परत हुकूम. बिझी. परत. बिझी. बाहेर इंजिन धडधडत होतं. तात्यांचा हात हळूच पेन ड्राइव्हकडं सरकला.

"तात्या!"

"लावला न्हाय. नुसता बघत होतो."

स्वयंपाकघरातून आई म्हणाली, "पंगत उठंना व्हय? मग कुणीतरी जेवतंय अजून. आधी कोन हाय ते बघा की."

हे मला सुचायला हवं होतं. पेन ड्राइव्ह कोण धरून बसलंय ते दाखवणारा हुकूम असतोच. तो दिला. एकच नाव आलं.

"घावला का?"

"घावला."

"कोन?"

"मीच."

ती काळी खिडकीच. गाणी भरायला फोल्डरात शिरलो होतो, तो अजून तिथंच ठाण मांडून बसलेलो. तात्या मांडीवर थाप मारून हसले. "आरं, वाढपी पंगतीत बसून भात वरपतोय आन् वरनं वरडतोय, उठा उठा!" आईच्या हातातलं लाटणं खाली पडलं.

दोन अक्षरं टाइप करून मी फोल्डरातून बाहेर आलो. परत हुकूम दिला. थोडा वेळ गेला आणि काहीच आलं नाही.

"काय म्हनलं?"

"काय न्हाय. काम झालं की हे गप बसतंय. बिघडलं तरच बोलतंय."

"मग तुझ्यापरीस शानं हाय."

पेन ड्राइव्ह ट्रॅक्टरला लागला. पहिलं गाणं पूर्ण वाजलं, दुसरं सुरू झालं. तात्यांनी हात वर केला आणि गेले.

पुढच्या खेपेला बघतो तर तात्यांनी दारात किल्ली फिरवून ट्रॅक्टर बंद केला. सीटवरून उतरले. पलीकडून वळसा घालून आले, खालूनच हात लांबवला आणि टेपातला पेन ड्राइव्ह काढला.

"हे काय तात्या? बसल्या जागी हात पुरत होता की."

"तूच शिकवलंस न्हवं? आपुन बसून ऱ्हायलो की ते बिझी असतंय. आधी सोता उठायचं, रीतीनं, किल्ली बंद करून. यार्डात आता चारजण असंच करत्यात. माझ्या पुतण्यानं सांगितलंय म्हनलं, बी.एस्सी. हाय."

मी तोंड उघडलं. ट्रॅक्टरच्या सीटचा आणि लिनक्सच्या फोल्डरचा काही संबंध नाही, हे सांगणार होतो. पण किल्ली बंद म्हणजे टेप बंद, आणि बंद टेपातून काढला तर पेन ड्राइव्हला काही होत नाही. शिवाय यार्डात चारजणांना माझी पदवी कळली होती.

मी तोंड मिटलं. त्या हंगामात परत उचकी लागली नाही.