सांगलीची परीक्षा

आटपाडीच्या समीना मुजावरची दृष्टी लहानपणी तापात गेली. शेजारच्या डोळस वल्लरीला तिनंच ब्रेलचे ठिपके बोटांनी वाचायला शिकवलं. १९९६ साली दोघी मिळून अंधशाळेत शिकवण्यासाठी लागणाऱ्या ब्रेलच्या परीक्षेची तयारी करत होत्या. सांगलीला वल्लरीच तिला नेणार होती.

परीक्षेच्या दिवशी समीना ब्रेलची पाटी मांडीवर घेऊन स्टँडवर वाट बघत बसली. वेळ टळल्यावर एक कंडक्टर म्हणाला, "वल्लरी पहिल्या गाडीनंच गेली की!"

संध्याकाळी वल्लरी दारात आली. "अंधशाळेत मास्तरणीची जागा एकच हाय गं."

"मग तसं सांगायचं हुतं. मी दुसऱ्या कुणासंगं गेले असते," म्हणत समीनानं दार लावलं.

पुढच्या वर्षी ती पास झाली. तोवर त्या जागेवर वल्लरी शिकवत होती.