अमडापूरच्या स्तंभाचं पहिलं वाक्य

‘तोंड वाकडं झालं, एक हात खाली पडला किंवा बोलणं अडखळलं, तर साडेचार तासांच्या आत सीटी स्कॅन असलेल्या दवाखान्यात पोचा, वाटेत कुठंही थांबू नका.’

पंजाबराव अंभोरे यांचा स्तंभ दर गुरुवारी या वाक्यानं सुरू होतो. विषय कोणताही असो. मध्यंतरी एकदा विषय होता एका हातानं शर्टाची बटणं लावण्याचा. त्याआधी होता लग्नाच्या पंगतीचा: डाव्या हातानं जेवणाऱ्याच्या शेजारी कोण बसतं, कोण उठून जातं. पहिलं वाक्य मात्र तेच. जिल्ह्याच्या पानाचं काम बघणारा शेखर त्यांना म्हणाला होता, “काका, चौकट करून खाली टाकू ना ते. दर वेळी वर तेच तेच पाहून वाचणारा कंटाळते.”

पंजाबराव म्हणाले, “खाली नाही.”

ते वाक्य वर का आलं, त्याची ही हकिकत.

पंजाबराव एकसष्ट वर्षांचे आहेत. अमडापूरला विहाराच्या मागच्या गल्लीत त्यांचं घर. तीस वर्षं त्यांनी एका दैनिकाचं वार्ताहराचं काम केलं आणि त्याच दैनिकाची एजन्सी चालवली. पहाटे गाडीतून गठ्ठे उतरवायचे, अंक वाटायचे, आणि दिवसा बातमी गोळा करायची. सोयाबीनचे भाव, चिखली रस्त्यावरचे अपघात, जयंतीची मिरवणूक, नळाचं पाणी. एवढ्या वर्षांत त्यांचं नाव एकदाही छापून आलं नाही. बातमीवर कंसात ‘वार्ताहर’ एवढंच असायचं. नाव आणि फोटो आला तो लकवा झाल्यानंतर.

लकवा तीन वर्षांपूर्वी हिवाळ्यात झाला. गठ्ठ्याची सुतळी सोडताना ती हातातून निसटली आणि पुन्हा पकडता येईना. थोरला भाऊ धावत आला. अंगावरून वारं गेलं, हे त्यानं ओळखलं. अंगावरून वारं गेलेल्याला कुठं न्यायचं, हेही त्याच्या सासरकडून त्याला माहीत होतं. घाटाखाली नांदुऱ्याच्या बाजूला एका गावात एकजण पारव्याच्या ताज्या रक्तानं मालिश करतो. गावाचं नाव इथं मुद्दाम देत नाही. मालिश होऊन पंजाबराव दवाखान्यात पोचले तेव्हा दुपार कलली होती. पाय पुढं बराचसा परत आला. बोलणं आलं, पण जड आणि सावकाश. उजवा हात आला नाही.

वर्षभरानं शेखर त्यांना भेटायला आला. मूळचा अमडापूरचाच पोरगा. पंजाबरावांच्या हाताखाली बातमी लिहायला शिकला आणि बुलडाण्याच्या कार्यालयात गेला. पंजाबराव डाव्या अंगठ्यानं मोबाइलवर लिहीत होते. ते वाचून शेखर म्हणाला, “काका, हे आम्हाला द्या.” अशा रीतीनं ‘डाव्या हातानं’ हा स्तंभ सुरू झाला.

स्तंभाचा पहिला वाचक तुळशीराम बगाडे. शाळेपासूनचा मित्र. गावाबाहेर त्याची दोन एकरांची बागायत. वांगी, मेथी, सांबार म्हणजे कोथिंबीर. सकाळी भाजी उतरवून झाली की तो पंजाबरावांच्या दारात येऊन त्यांना चालायला बाहेर काढायचा. चालताना हात धरायचा नाही. म्हणायचा, “पडसीन तं उचलीन. धरनार नाही. मी काय तुही बायको हावो?”

तो स्तंभ मोठ्यानं वाचायचा, घरी जाऊन बायकोसाठी पुन्हा वाचायचा. अन्नपूर्णाबाईंना वाचता येत नाही. पंजाबरावांनी तुळशीरामच्या तंबाखूवर लिहिलं त्या गुरुवारी तो दारातूनच ओरडला, “काय बे संपादक, आता माहा फोटो बी छापतं का? पैसे लागतीन मले.”

दीड वर्षापूर्वी दिवाळीच्या आधी पंजाबरावांनी पारव्याच्या मालिशीवर लिहिलं.

तो मजकूर पुढं, ही हकिकत लिहिताना, त्यांच्या मोबाइलवर मी पूर्ण वाचला. चांगला लिहिलेला आहे. गावाचं नाव, सारवलेलं अंगण, रांगेत खाटा, कुणाची सासू, कुणाचा जावई. औषध देणारा माणूस एक पैसा घेत नाही, नारळ ठेवला तरी चालतं. पारवा कापतानाही तो त्याच्याशी हळू आवाजात बोलतो. मग कोमट रक्त हातावर आलं, त्या उबेनं डोळे मिटले, ‘आणि मला वाटलं, बोट हललं.’ त्यानंतर शेवटचा परिच्छेद: ‘बोट हललं नव्हतं. दवाखान्यात डॉक्टरनं विचारलं, सकाळपासून कुठं होता? हा हात मी त्या अंगणात ठेवून आलो आहे. तुम्ही तिकडं जाऊ नका.’

त्या गुरुवारी पानावर एका पुढाऱ्याच्या वाढदिवसाची जाहिरात उशिरा आली. जागा कमी पडली. शेखरनं शेवटचा परिच्छेद काढला.

यात त्यानं नियमाबाहेरचं काही केलं नाही. जागा कमी पडली की मजकूर खालून कापतात. म्हणून बातमीत महत्त्वाचं ते वर ठेवायचं असतं. शेखरला हे शिकवलं पंजाबरावांनीच. अपघाताच्या बातमीत मयतांची नावं त्यानं शेवटी लिहिली होती, तेव्हा त्यांनी कागद परत त्याच्या अंगावर टाकला होता: “वर घे बे. कापणारा खालूनच कापते.” तीस वर्षं त्यांनी स्वतः ते पाळलं. स्तंभ ही बातमी नव्हती. त्यात शेवट राखून ठेवता येतो, याचा त्यांना आनंद होता.

अंक बघून त्यांनी शेखरला फोन लावला. शेखर म्हणाला, “काका, सॉरी. पण खरं सांगू? ‘बोट हललं’ वर संपलं ते भारीच झालं. हापिसात सगळ्याहिले आवडलं.”

स्तंभाखाली छापलेल्या नंबरवर त्या दिवशी आले तेवढे फोन आधी कधी आले नव्हते. बरेचजण पत्ता विचारत होते. फोन चांगुणाबाई, पंजाबरावांच्या पत्नी, घ्यायच्या, कारण फोनवर पंजाबरावांचं बोलणं नवख्याला कळत नाही. त्या सांगायच्या, “तिथं जाऊ नका, दवाखान्यात जा.” पलीकडून एकानं विचारलं, “मंग पेपरात काऊन लिव्हलं?”

पंजाबराव खुलासा लिहिणार होते. पुढच्या आठवड्यात दिवाळीची पुरवणी होती, स्तंभ नव्हता. त्याच्या पुढच्या आठवड्यात त्यांना दुसरा विषय सुचला. मजकुराचं कौतुक अजून चालू होतं.

तुळशीरामला मात्र त्यांनी खरा शेवट सांगितला होता. तो हसून म्हणाला होता, “मले वाटलंच. चायचा कप उचलत नाही अन् म्हने बोट हललं. खोटारडा हायेस बे पंजाब.” घरी बायकोला त्यानं आधी छापलेलं तेवढं वाचून दाखवलं होतं. कापलेलं सांगायचं त्याच्या मनात आलं नाही. का यावं?

फेब्रुवारीत एका सकाळी तुळशीराम मेथीच्या वाफ्यात बसला आणि उठला नाही. अन्नपूर्णाबाई जवळच होत्या. तोंड एका बाजूला गेलेलं, डोळे उघडे, शब्द नाही. मुलगा पुण्याला कंपनीत. घरी सून वैष्णवी, ती तेव्हा नळावर होती. शेजारच्याची पिकअप गाडी भाजीसाठी उभीच होती. ड्रायव्हरनं विचारलं, “कुठं घेऊ, काकू?” अन्नपूर्णाबाईंना क्षणभरही विचार करावा लागला नाही.

गाडी घाट उतरली. वाटेत खामगाव लागलं. तिथं सीटी स्कॅन असलेले दवाखाने आहेत, एक तर रस्त्यावरच. गाडी पुढं नांदुऱ्याकडे गेली.

मालिश झाली. उतार पडेना तेव्हा ड्रायव्हरच म्हणाला, आता दवाखाना पाहू. डॉक्टरांनी तपासलं आणि सांगितलं की गुठळी विरघळवायच्या औषधाची वेळ गेली. हेही सांगितलं की वेळेत आले असते तरी गुण आलाच असता, असं खात्रीनं म्हणता येत नाही. या दुसऱ्या वाक्याची पंजाबरावांना कुणी आठवण करून दिली की ते मान हलवतात.

तुळशीराम आता खाटेवर असतो. बोलणं गेलं. माणसं ओळखतो, निदान तसं वाटतं.

बातमी कळली तेव्हा पंजाबराव दवाखान्यात गेले. बाहेरच्या बाकावर अन्नपूर्णाबाई होत्या. पंजाबरावांनी विचारलं, “मले फोन काऊन नाही केला, वहिनी?”

त्या म्हणाल्या, “फोन कायले करू भाऊ? तुमी तं पेपरातच सांगतलं होतं.” आणि थोड्या वेळानं, “तुमच्यानं ठिकाना तरी माहीत झाला. नाही तं म्या बाईमानसानं कुठं नेलं असतं यायले?”

त्या त्यांचे आभार मानत होत्या.

त्यानंतर पंजाबरावांचा स्तंभ काही आठवडे आला नाही. कार्यालयात सांगितलं, तब्येत बरी नाही. ते रोज सकाळी काठी टेकत तुळशीरामच्या घरी जात, खाटेशेजारी बसत आणि परत येत. खुलासा लिहायचा तर साडेचार तासांचं लिहावं लागणार. ते छापलं की अन्नपूर्णाबाईंच्या कानावर जाणार, आणि त्या हिशेब करणार. आपणच नवऱ्याला खामगावातून पुढं नेलं, हे त्यांना कळणार.

चांगुणाबाईंचं म्हणणं स्पष्ट होतं. “लिहू नका. जल्मभर तेच उरावर घेऊन बसावं का तिनं?”

“अन् बाकीचे?”

“बाकीच्याहिचं बाकीचे पाहतीन. हे आपलं मानूस हाय.”

त्याच आठवड्यात दुपारी फोन आला. जानेफळचा माणूस होता. आईला गाडीत घातली आहे, खामगाव आलंय, इथून पुढं कसं जायचं तेवढं सांगा. चांगुणाबाई म्हणाल्या, “दादा, खामगावातच थांबा. दवाखान्यात घाला तिले आधी.” माणूस म्हणाला, “बाई, पत्ता सांगा ना, येळ चालला.” त्या पुन्हा तेच म्हणाल्या. त्यानं फोन ठेवला. तो थांबला की पुढं गेला, ते कळलं नाही. त्यांनी त्या नंबरवर परत फोन केला, तो उचलला गेला नाही.

चांगुणाबाईंनी फोन पंजाबरावांच्या पुढ्यात ठेवला. मग म्हणाल्या, “लिव्हा.”

छापायच्या आदल्या दिवशी पंजाबराव अन्नपूर्णाबाईंना स्वतः सांगायला गेले. त्या तुळशीरामला चमच्यानं पेज भरवत होत्या. गालाच्या ज्या बाजूनं पेज ओघळायची ती बाजू पदरानं पुसत होत्या. “बसा भाऊ,” म्हणाल्या. वैष्णवीला चहा टाकायला सांगितलं. पंजाबरावांनी चहा घेतला. तुळशीराम त्यांच्याकडे बघत होता. घरी परतल्यावर त्यांनी चांगुणाबाईंना एवढंच सांगितलं, “त्याले म्या सांगतलं होतं. तिले नाही सांगतलं.” आजही सांगितलं नाही, असा त्याचा अर्थ होता.

गुरुवारी ते वाक्य पहिल्यांदा छापून आलं, सगळ्यात वर. खाली पारव्याच्या मजकुराचा कापलेला परिच्छेद पूर्ण होता. वैष्णवी सासऱ्यांच्या उशाशी बसून पेपर वाचते, ते सासऱ्यांना आवडत असावं म्हणून. त्या दिवशी तिनं स्तंभही वाचला. अन्नपूर्णाबाई चुलीपाशी होत्या. वाचून झाल्यावर म्हणाल्या, “म्हंजे टाइम होता.”

वैष्णवीनं अंकाची घडी घातली.

“खामगावात आपुन किती वाजता होतो वं?”

“मी नव्हती ना गाडीत, आत्याबाई.”

त्या दिवशी त्यांनी शेतातलं काही तोडलं नाही. दुसऱ्या दिवशी पंजाबराव आले तेव्हा त्यांनी चहा केला, पण तो वैष्णवीच्या हातानं बाहेर पाठवला. अजूनही तसाच येतो.

मागच्या पावसाळ्यात मी घाटाखालच्या त्या गावाला जाऊन आलो. अंगण सारवलेलं होतं, खाटा भरलेल्या होत्या. औषध देणारा माणूस लबाड वाटला नाही; अवघड आहे ते हेच. भिंतीवर देवांच्या फोटोंच्या ओळीत पंजाबरावांचा पारव्यावरचा तो स्तंभ होता, प्लास्टिकमध्ये घालून. ‘बोट हललं’ पर्यंतचा. नंतर आलेला स्तंभ त्यानं पाहिला का, असं विचारलं. तो म्हणाला, “मले कुठं वाचता येते साहेब? लोकच आणून देतात.” नंतरचा स्तंभ कुणी आणून दिला नव्हता.

तिथून येताना अमडापूरला थांबलो. गुरुवार होता. पंजाबराव तुळशीरामच्या खाटेशेजारी खुर्चीवर बसले होते, उजवा हात मांडीवर ठेवलेला. वैष्णवीनं अंक उघडला आणि वाचायला लागली. सुरुवात तिनं दुसऱ्या वाक्यापासून केली. पंजाबरावांच्या लक्षात आलं.

आतून, शेंगा सोलता सोलता, अन्नपूर्णाबाई म्हणाल्या, “वरचं राह्यलं.”

“ते दर खेपेचंच हाये, आत्याबाई.”

“दर खेपेचंच वाच.”

वैष्णवीनं ते वाचलं. साडेचार तास, वाटेत कुठंही थांबू नका. आतला शेंगांचा आवाज थांबला नाही. तुळशीराम छताकडे बघत होता. मग तिनं दुसरं वाक्य पुन्हा वाचलं. ते वांग्यांबद्दल होतं.