उपस्थित जमाव

नाव : बळीराम हिराजी केणी. वय : ५२ वर्षे. मूळ गाव : जासई, हल्ली राहणार पनवेल. बांधा मजबूत, रंग सावळा, मिशी कोरलेली. सदर इसम एकोणतीस वर्षे पोलीस खात्यात काढून, वरिष्ठ निरीक्षक पदावरून स्वेच्छानिवृत्ती घेऊन, २००९ च्या विधानसभा निवडणुकीत आमदार होण्याच्या इराद्याने तालुक्यात फिरताना मिळून आला.

फिरत ते घरातही होते. पक्षाचं तिकीट अजून जाहीर होत नव्हतं आणि सोडलेली नोकरी परत मिळणार नव्हती. हॉलमधून गॅलरीत, मोबाइलला रेंज आहे ना बघून पुन्हा हॉलमध्ये.

"अहो, बसा जरा," बायको अरुंधती म्हणाली. "कोठडीत टाकल्यासारखे काय फेऱ्या मारताय?"

"कोठडीतले बसतात. फेऱ्या आम्ही मारायचो."

शेवटी फोन आला तो तालुकाध्यक्ष दाजींचा. जमिनींच्या मोबदल्यासाठी शिरढोणला रास्ता रोको झाला, तेव्हा केणींनी याच दाजींना गाडीत घातलं होतं. राजकारणात असल्या ओळखी वाया जात नाहीत.

"साहेब, तवा तुमी आमाला उचललं, आता आमी तुमाला उचलतो," दाजी हसले. "नेऱ्याला सभा लावलीय. मुंबईवरून दोन मानसं येतील बघाया. लोक किती थांबतात, त्यावर तिकीट."

केणींनी चार दिवस आरशासमोर 'बंधू-भगिनींनो' घोटलं. नेऱ्याच्या देवळापुढे दीडशे लोक बसले होते, मुंबईची दोन माणसं खुर्च्यांवर. माइक किंचाळला, सगळे गप्प झाले. त्या शांततेत केणींच्या तोंडून एकोणतीस वर्षांची सवय आधी बाहेर पडली :

"सदर ठिकाणी उपस्थित असलेल्या जमावास माझा नमस्कार."

पोलिसांच्या मराठीत 'जमाव' म्हटला की पुढे पांगण्याचा हुकूम येतो, आणि त्याच्याही पुढे लाठी. शिरढोणला हा क्रम याच आवाजात ऐकलेले तीस-चाळीस जण मागे बसले होते. ते उठले. घाई कोणी केली नाही. आपापल्या चपला शोधून रीतसर पांगले.

"विठू, बस रे!" दाजी ओरडले.

"नाय दाजी, मागल्या टायमाला बसलो व्हतो. गुडघा अजून दुखतो."

त्यांच्यामागून बाकीचेही उठले. भाषण संपलं तेव्हा समोर सतरा माणसं होती आणि त्यांतली सहा मांडववाल्याची. मुंबईच्या माणसांनी चहा घेतला नाही.

तिकीट एका बिल्डरला मिळालं. त्याचा अर्ज भरायच्या दिवशी केणी मिरवणुकीला गेले, कारण घरात बसवत नव्हतं. तहसील कचेरीच्या अलीकडे ढोल, जीपगाड्या आणि दोन एसटी एकमेकांत अडकल्या. दाजी गर्दीतून वाट काढत त्यांच्यापाशी आले.

"साहेब, एवढं जरा बघता का? तुमचंच काम हाय."

अकरा चाळीसला चौक मोकळा झाला.