पाठीला अर्धा इंच

चामराजपेटेत तानूबाईंच्या हातचं ब्लाउज एकदा अंगाला लागलं की बायकांना दुसरा शिंपी चालत नाही. निपाणीहून लग्न होऊन आल्या त्याला चाळीस वर्षं झाली, आणि तेवढीच वर्षं त्या शिलाई मशीनवर वाकलेल्या. दुसऱ्याच्या खांद्यातला सूतभर फरकही त्यांच्या नजरेतून सुटत नसे. स्वतःच्या बाबतीत मात्र ही नजर साफ आंधळी.

चार-पाच वर्षांपासून त्यांचं स्वतःचं ब्लाउज मागून वर चढू लागलं होतं. बाईंनी कापडाला दोष दिला, ते आटतं म्हणून दुकानदाराला फैलावर घेतलं आणि पुढच्या ब्लाउजच्या पाठीला अर्धा इंच वाढवला. त्याच्या पुढच्या वर्षी आणखी अर्धा. ब्लाउज बसलं, विषय मिटला. पाठीला बाक येतोय हे त्यांना कळलं नव्हतं असं नाही. त्यांनी ते शिवून झाकलं.

मग मार्चमध्ये पाण्याची बादली उचलताना पाठीत काहीतरी कचकन झालं आणि त्या जागीच बसल्या. धड पडल्याही नव्हत्या, तरी मणका दबला होता. तपासणीत हाडं ठिसूळ झालेली निघाली. पाळी कधी गेली, असं डॉक्टरीणबाईंनी विचारलं. अडतिसाव्या वर्षी ऑपरेशन करून पिशवी आणि अंडाशय काढले, तेव्हाच. आईचंही खुब्याचं हाड मोडलेलं. अंगावर ऊन म्हणाल तर तेही दाराबाहेरच राहिलेलं. उंची मोजली तर ऑपरेशनच्या जुन्या कागदावर लिहिलेल्यापेक्षा दोन इंच कमी भरली. तेव्हा तानूबाईंनी खाली मान घालून त्या अर्ध्या अर्ध्या इंचांची हकिगत सांगून टाकली. डॉक्टरीणबाई हसल्या नाहीत. हा आजार गुपचूप येतो, म्हणाल्या, हाड मोडेपर्यंत बहुतेकांना पत्ताच लागत नाही.

घरी मुलगा संताजी आणि सून अनुषा यांनी त्यांना जपायचं ठरवलं, म्हणजे जवळजवळ बांधूनच घातलं. पाण्याचा तांब्या उचलू देईनात. संताजीने तर मशीन विकायला काढलं. मायाच होती ती, पण आता आपण खाटेवरच संपणार, या विचाराने तानूबाई भिंतीकडे तोंड करून रडल्या.

पुढच्या फेरीला त्यांनी डॉक्टरीणबाईंना एकच विचारलं, मी परत शिवू शकेन का? डॉक्टरीणबाई म्हणाल्या, का नाही? दुखणं उतरलंय, आता रोज चाला, शिकवलेला व्यायाम करा. आठवड्यातून एकदाची गोळी सकाळी उपाशीपोटी, ग्लासभर पाण्याबरोबर, आणि नंतर अर्धा तास आडवं व्हायचं नाही. गेलेली उंची परत येणार नाही, पण पुढचं हाड वाचवता येईल. नुसतं पडून राहिलात तर मात्र ते आणखी झिजेल. शिवायला हरकत नाही, वाकायला आहे.

रविवारी जुनी मशीनं विकत घेणारा यशवंतपूरचा नागराज टेम्पो घेऊन मशीन न्यायला आला. त्याने टेबलाला हात घातला, तोच दुखण्यात हाती आलेली काठी न घेता तानूबाई समोर उभ्या. कोपऱ्यावरच्या सुताराकडून त्यांनी चार लाकडी ठोकळे करून आणले होते.

"नागराज, उचललंच आहेस तर यांच्यावर ठेव. टेबल उंच पाहिजे, मला वाकायचं नाही."

संताजी मध्ये पडला, आई, अगं डॉक्टर काय म्हणाल्या, वगैरे.

"हाडं ठिसूळ झालीत म्हणाल्या," तानूबाई शांतपणे म्हणाल्या. "हात गेले असं नाही म्हणाल्या."

नागराजने दोघांकडे पाहिलं, "सरी अक्का," असा कानडीत होकार दिला, आणि मशीन ठोकळ्यांवर चढवलं. तानूबाई खुर्चीत ताठ बसल्या. संताजीने खाली बसून मोटरची वायर लावून दिली.