पडीक रानातली चाकोरी

गाडी घेतली तेव्हा आईनं चारही चाकांखाली ठेवायला लिंबं दिली होती. मी ती खिशात टाकली आणि घरी येऊन मस्त सरबत करून प्यायलो... तर मी असा माणूस. इथले भुताखेतांचे अनुभव वाचतो, पण करमणूक म्हणून. त्यामुळे हे लिहिताना माझं मलाच हसू येतंय — आणि अंगावर थोडा काटाही.

माझ्याकडं फोर-व्हील ड्राइव्ह गाडी आहे. घर संभाजीनगरात सिडकोला, नोकरी वाळूजला, म्हणजे रोजची धाव डांबरावरच. पण शेत वैजापूरकडं, आणि वस्तीपर्यंतची शेवटची वाट निव्वळ काळ्या मातीची. टायर झिजत आले होते. डांबर आणि चिखल दोन्हीवर चालणारे ऑल-टेरेन घ्यायचे हे पक्कं, पण कोणते? एक म्हणे आवाज फार करतो, दुसरा ॲव्हरेज खातो, तिसरा ओल्या डांबरावर घसरतो. महिनोन्महिने मी व्हिडिओ बघत बसलो. बायको म्हणाली, "माझ्याशी लग्न करताना एवढा विचार केला होता का?"

तेव्हा धाकटी बहीण शीतल बाळंतपणाला आली होती. मी म्हटलं, माझ्याकडं राहा, दवाखाना जवळ आहे. पण आई अडून बसली — पहिलं बाळंतपण माहेरी, आणि माहेर म्हणजे वस्ती. तारीख लांब होती, म्हणून मीही फार ताणलं नाही.

परतीच्या पावसात एका दुपारी, मी वस्तीवरच होतो म्हणून बरं, शीतलला अचानक कळा सुरू झाल्या. तिला आणि आईला मागच्या सीटवर बसवून निघालो. अर्ध्या वाटेत टायरच्या खाचा मातीनं भरल्या, चाकं गुळगुळीत झाली आणि गाडी आडवी सरकत ओढ्याकडं जायला लागली. ओढा दुथडी भरलेला. ना ब्रेक ऐके, ना स्टेअरिंग. मी पार घाबरलो होतो.

"दादा, थांबू नको रे," शीतल कण्हत म्हणाली.

तेवढ्यात डावीकडं, शेजाऱ्याच्या पडीक रानात, दोन चाकोऱ्या दिसल्या. ताज्या. पाऊस धो-धो कोसळतोय, तरी त्यांत पाणी नाही, कडा जराही ढासळलेल्या नाहीत. नक्षीसुद्धा स्वच्छ — मधे नागमोडी रेघ, बाजूनं पायऱ्यांसारखे ठोकळे.

"हिकडून कुणाची गाडी गेली रं?" आई म्हणाली. "हितून तर कुणीच जात नाय."

कशीबशी चाकं त्या चाकोऱ्यांत घातली. खाली मुरूम लागला, गाडीनं पकड घेतली आणि आम्ही थेट डांबरी रस्त्याला निघालो. तिथं एक गोष्ट खटकली. काळ्या रानातून आलेली गाडी डांबरावर लांबपर्यंत चिखल सांडत जाते. आमच्यापुढचा रस्ता मात्र कोरा होता. पण थांबून बघायला वेळ कुणाला होता?

वैजापूरच्या दवाखान्यात मुलगी झाली. दोघी सुखरूप. मी बाहेरच्या बाकावर बसून हमसून हमसून रडलो, कोण बघतंय याची पर्वा न करता.

पाऊस उघडल्यावर त्या रानात जाऊन आलो. फक्त माझ्या झिजलेल्या टायरांच्या खुणा होत्या. आपलीच चाकं वरून गेली, म्हणून आधीच्या पुसल्या असतील, अशी मनाची समजूत घातली.

मग शहरात टायरच्या दुकानात गेलो, आणि भिंतीला टेकवलेला एक टायर बघून जागीच थांबलो. तीच नागमोडी रेघ, तेच ठोकळे. दुकानदार म्हणाला, "साब, ये डिझाइन अब्बीच आया. किसी की गाडी को लगाया नै अब तक."

आवाज, ॲव्हरेज, काही न विचारता चारही बसवून घेतले.

दवाखान्यातून आई, शीतल आणि बाळ माझ्याकडंच आल्या होत्या; सव्वा महिन्यानं तिघींना घेऊन वस्तीवर गेलो, मुद्दाम त्याच पडीक रानातून. आदल्या रात्रीच्या अवकाळीनं रान पुन्हा ओलं होतं. आई बाळाला घेऊन उतरली आणि मागं उमटलेल्या खुणांवर वाकली.

"हेच व्हते," ती म्हणाली. "मंग त्या दिशी आपल्या म्होरं तूच व्हतास का रं?"

त्या दिवशी मी तिच्याच पुढच्या सीटवर घामाघूम होऊन बसलो होतो, हे तिला माहीत आहे. तरी मला 'नाही' म्हणवलं नाही. भाची सुखरूप आहे, म्हणून मी उत्तर फारसं शोधतही नाही.